अकरावी चौकी

१

मी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिते. दादाच्या लग्नात वहिनीच्या आईला कुणीतरी सांगितलं की मुलाची बहीण ड्रायव्हरचं काम करते, तेव्हा त्यांनी माझे तळहात नीट बघून घेतले होते. स्टेअरिंगचे घट्टे शोधत असाव्यात. तर तसं नाही. कॉम्प्युटरला जिथे केबल लावतात तिथे आत एक कार्ड असतं. कार्डाची भाषा वेगळी, कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची वेगळी. दोघांच्या मध्ये बसणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा नसला तर कार्ड जागेवर असतं, केबल जागेवर असते, पलीकडून कुणी घसा फोडून हाका मारत असतं, आणि प्रणालीला मात्र काही ऐकू येत नाही.

आमची प्रणाली युनिक्सच्या कुळातली. जगभरातली माणसं मिळून ती लिहितात, प्रत्येकाकडे एखादा कोपरा. माझ्याकडे म्हातारी कार्डं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, आलेल्या तक्रारी वाचायच्या, एखादी ओळ बदलायची, तपासायची, पाठवायची. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या वर्षी साफसफाई निघाली. जे कुणी वापरत नाही ते काढून टाका, असं ठरलं. माझ्या यादीत एक वीस वर्षांपूर्वीचं कार्ड होतं, लांब पल्ल्याच्या जाड केबलसाठी बनवलेलं. दोन महिने मी विचारत राहिले, कुणी वापरतं का. उत्तर आलं नाही. मी ड्रायव्हर काढला आणि खाली नोंद केली: वापरात नाही, चौदाशे ओळी कमी. ओळी कमी झाल्याचं आम्हाला फार कौतुक असतं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वहिनीचा फोन आला. खाणीत छत बसलं होतं. पाच माणसं पलीकडे अडकली होती. त्यांचा मुकादम माझा दादा होता.

२

खाणीच्या कचेरीत पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती, हातात दादाची डब्याची पिशवी. सकाळी तो डबा विसरून गेला होता. तिने बाजूला सरकून मला जागा दिली. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

आत खाणीच्या इंजिनीअरने भिंतीवरचा नकाशा दाखवला. पिंजऱ्याने खाली उतरलं की एक मुख्य बोगदा, आणि बोगद्यात अंतराअंतरावर दहा चौक्या. चौकी म्हणजे भिंतीला ठोकलेली एक पेटी. प्रत्येकाच्या टोपीच्या दिव्यात एक बिल्ला असतो. माणूस पेटीसमोरून गेला की पेटी बिल्ल्याचा नंबर टिपते आणि केबलवरून वर पाठवते. म्हणजे कोण कुठे आहे ते वर बसून कळतं.

"कळायचं," इंजिनीअर म्हणाला. महिन्यापूर्वी नवा कॉम्प्युटर आला, नवी प्रणाली आली, तेव्हापासून पडदा कोरा. तक्रार केली होती. पुरवठादार म्हणाला, बघतो.

छत पहिल्या चौकीच्या आसपास बसलं होतं. जाड केबल दगडांखालीही टिकली असेल अशी आशा होती, पण पुढे माणसं कुठे असतील, सांगता येत नव्हतं. तिसऱ्या चौकीपाशी काम चालू होतं, पण हवा नवव्या चौकीपाशी जास्त. वरून भोक पाडायचं यंत्र एकच होतं. एक भोक पाडायला दीड-दोन दिवस. चुकलं तर दुसऱ्यासाठी वेळ नव्हता.

मी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरचं झाकण काढलं. कार्ड जुन्या यंत्रातून काढून जसंच्या तसं नव्यात बसवलं होतं. कडेला हिरवी पट्टी, कोपऱ्यात खरडलेला नंबर. मी ते ओळखलं. आपल्या हाताने दिलेला घाव ओळखू यावा तसं ओळखलं. पडद्यावर प्रणाली सांगत होती की एक उपकरण दिसतं आहे, पण त्याचा ड्रायव्हर मिळत नाही.

"तुम्हाला जमेल?" इंजिनीअरने विचारलं.

कुणी काढला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जुना ड्रायव्हर माझ्याकडे होता. पण नव्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, अर्ध्या गोष्टींची नावं आणि जागा बदलल्या होत्या. एरवी आठवड्याचं काम. मी तीन तासांत जोडलं, तेही असं की दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर मी साभार परत केलं असतं. चार वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हर चढवला. कार्डावरचा दिवा लागला. आलेल्या पॅकेट्सचा, म्हणजे केबलवरून येणाऱ्या निरोपांच्या पुडक्यांचा, आकडा शून्य होता. मी त्या शून्याकडे बघत राहिले, पापणीसुद्धा न हलवता.

मग एक झाला.

३

पाचही बिल्ले नवव्या चौकीपाशी होते.

इंजिनीअर धावतच बाहेर गेला. यंत्र हलवल्याचा आवाज आला, मग जमीन हलकेच थरथरू लागली. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मी तिला दादाचा नंबर दाखवला, सतरा. तिने पडद्याला बोट लावलं, काचेवर ठसा उमटला, आणि ती परत बाकावर जाऊन बसली.

मी मात्र तिथून हलले नाही. तासाभराने नंबर पुन्हा आले. एकामागून एक, मध्ये सारखं अंतर. ओळीने चालणाऱ्या माणसांचे यावेत तसे. पुढे सतरा, मागे चार. दहावी चौकी. हवा शोधत पुढे गेले असतील, मी म्हटलं. परत येतील.

पुढची नोंद अकराव्या चौकीची होती.

मी इंजिनीअरला बोलावून, आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं की दहाव्या चौकीपुढे काय आहे. तो म्हणाला, दगड. बोगदा तिथेच संपतो.

तेव्हा मला भीती वाटली नाही, खरं सांगते. राग आला, तोही स्वतःचाच. घाईत लिहिलेला ड्रायव्हर, कुठेतरी एक घर चुकून वाचत असणार. नवाचे अकरा होत असणार. मी ओळी तपासल्या. दोनदा तपासल्या. तेवढ्यात पडद्यावर बारावी चौकी आली. सतरा पुढे, मागे चार.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीचा वायरमन खालून वर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा मेहुणा त्या पाचांत होता. त्याने दार लोटून घेतलं आणि हातातला केबलचा तुकडा टेबलावर ठेवला. एक टोक त्याने स्वतः करवतीने कापलं होतं, ते गुळगुळीत होतं. दुसरं दगडांनी चिरडून पिंजलं होतं.

"ताई, ही पहिल्या चौकीच्याही अलीकडे तुटली आहे," तो म्हणाला. "मंगळवारीच. पुढचं काही या वायरीवरून येऊच शकत नाही."

मी पडद्याकडे बघितलं. आकडा वाढला. मी टेबलाखाली गेले आणि कार्डातून केबल उपसून काढली. मोकळं टोक हातात धरून वर आले. आकडा पुन्हा वाढला. कार्डावरचा दिवा चालूच होता.

याचंही कारण असू शकतं. आलेली पॅकेट्स ठेवायला मेमरीत एक जागा असते. ड्रायव्हरने ती नीट रिकामी केली नाही तर तीच पॅकेट्स पुन्हा पुन्हा नवी म्हणून वाचली जातात. शिळ्या कढीला ऊत. असं असेल तर माझ्या ड्रायव्हरने कालपासून फक्त जुना कचरा वाचला होता. मग नववी चौकीही कचरा. मग यंत्र चुकीच्या जागी जमीन फोडत होतं.

पण प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो. शिळी असती तर क्रमांक परत आले असते. इथे ते वाढत होते, एकही न चुकता.

मी वायरमनला सगळं सांगितलं. तो बराच वेळ केबलचा पिंजलेला भाग बोटांनी सरळ करत बसला. इंजिनीअरला कळलं तर तो भोक थांबवील, यंत्र तिसऱ्या चौकीवर नेईल. तीही अंदाजाचीच जागा. निम्मं भोक झालं होतं. जमिनीची थरथर टेबलाच्या पायांतून माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला नववी खोटी वाटत नाही. पुढचं काय आहे ते मला माहीत नाही."

त्याने केबलचा तुकडा उचलून कोटाच्या आत घातला. बाहेर जाताना वहिनीशेजारी क्षणभर थांबला, मग निघून गेला. त्या दिवशी मी जे गप्प बसले, त्याचं ओझं पाच माणसांच्या वजनाचं होतं. वहिनीने संध्याकाळी विचारलं की सगळं बरोबर चाललंय ना. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून धीर आहे गं." त्यानंतर मी तिच्याकडे पाठ करूनच बसले.

५

गुरुवारी दुपारी भोक आरपार गेलं. नळी खाली सोडली. इंजिनीअरने तिच्यावर हातोडी मारली आणि कान लावला. खालून पाच ठोके आले.

रविवारी भोक रुंद करून त्यातून एक अरुंद डबा सोडला आणि एकेकाला वर काढलं. दादा शेवटचा. डोळ्यांवर पट्टी, ओठ फुटलेले, हाडं दिसत होती. वहिनी त्याच्या हाताला धरून राहिली. त्याला गाडीत घालतानाही तिने हात सोडला नाही. वायरमन माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी दादाला विचारलं, तुम्ही आत कुठवर गेला होतात?

"कुठे जाणार, छोटे? नवव्या चौकीपाशी टेकून बसलो होतो. दिवेसुद्धा पहिल्याच दिवशी मालवले, नंतर लागतील म्हणून."

दिवा मालवला की बिल्लाही बंद पडतो. मी मान डोलवली आणि संत्र सोलत राहिले. माणूस वर आला होता. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

पण खाणीने माझा ड्रायव्हर नीट बसवून मागितला होता. पुढच्या सोमवारी सकाळी मी कचेरीत गेले. खाण बंद होती, खाली चिटपाखरू नव्हतं. मी पडदा उजळला.

सतरा पुढे, मागे चार. एकतिसावी चौकी.

६

मी कुणाला सांगितलं नाही, वायरमन सोडून. आम्ही दोघं रोज दहाला त्या खोलीत भेटू लागलो. चाळिसाव्या चौकीपाशी ते थांबले. पूर्ण एक दिवस नोंद आली नाही, आणि माझ्या मनावरचा दगड उतरला. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस आली. मग अडतीस.

"परत फिरले," वायरमन म्हणाला.

दादा तोवर घरी आला होता. जेवत होता, थट्टा करत होता, वहिनीच्या आईला माझे हात पुन्हा बघायला सांगत होता. फक्त दुपारी पडला की चादरीखाली त्याची पावलं हलत. एक, मग दुसरं, सावकाश. वहिनी म्हणाली, "हे झोपेत चालतात गं. डॉक्टर म्हणतात, जाईल हळूहळू."

ते गेलं नाही. तिसाव्या चौकीपासून दादा थकू लागला. विसाव्या चौकीच्या सुमारास त्याला जिना चढवेना. तपासण्या झाल्या, रक्त चांगलं, छाती चांगली. वायरमनच्या मेहुण्याच्या हातातून चमचा पडू लागला. उरलेल्या तिघांचीही तीच गत होती. पाचही जण एकाच तारखेला अंथरुणाला खिळले.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एका दुपारी बाराला ड्रायव्हर उतरवला. त्याला एक ओळीची आज्ञा पुरते. कार्डावरचा दिवा विझला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मिनिटभरात माझा फोन वाजला, आणि पाठोपाठ वायरमनचा. दादाने श्वास सोडला होता आणि परत घेतला नव्हता. वहिनी नुसती हे हे करत होती, पुढचा शब्द फुटत नव्हता. मी ड्रायव्हर पुन्हा चढवला. दिवा लागला. फोनवर मला दादाचा श्वास ऐकू आला, बुडता माणूस वर येताना घेतो तसा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ड्रायव्हर बंद करता येत नव्हता आणि चालू ठेवला तर ते जवळ येत होते. योगायोग असेल, मी वायरमनला म्हटलं. तो म्हणाला, "हो ताई," आणि दोघांनाही ते पटलं नाही. मी कर्नलची पानंच्या पानं उलटली, जुन्या तक्रारी वाचल्या, ज्याने मूळ ड्रायव्हर लिहिला त्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दहावी चौकी आली. नववीपाशी ते तासभर थांबले. मग आठवी.

७

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला पहिल्या चौकीची नोंद आली. पाचही. तिथे छत बसलेलं होतं, दगड अजून हलवलेले नव्हते. ते कशानेच अडले नाहीत.

मी आणि वायरमन पिंजऱ्याकडे धावलो. पिंजरा वर होता. चालवणारा स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. खाण बंद असली तरी त्याला पगारी बसवून ठेवलं होतं. लख्ख ऊन होतं, पिंजऱ्याच्या दोराच्या चाकाची सावली अंगणात पडली होती. आम्ही त्याला काही सांगण्याआधीच घंटा वाजली. तीन ठोके.

तीन ठोके म्हणजे खाली माणसं आहेत, वर घ्या. चालवणाऱ्याचा हात सवयीने दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"खाली कोण आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही.

"मी त्या दिवशी पाच जणांना उतरवलं," तो म्हणाला. "माझ्या पिंजऱ्याने त्यातला एकही वर आलेला नाही."

पुन्हा तीन ठोके. त्याने दांडा ओढला. मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. पिंजरा खाली गेला, थांबला, आणि वर येऊ लागला. रिकामा पिंजरा वर येताना दोर थोडा लवतो, डुलतो. तो ताठ होता.

फोन वाजला. वहिनी होती. तिचा आवाज खोल गेला होता. "यांना श्वास घेता येत नाहीये. नखं निळी पडलीत. लवकर ये गं, लवकर."

पिंजरा वर येऊन थांबला. जाळीचं दार बंद होतं. बाहेर इतकं ऊन होतं की आतला काळोख डोळ्यांना लगेच दिसेना. मग दिसलं. मी सगळं बघितलं असं म्हणणार नाही. पाच टोप्या होत्या. चार चेहरे खाली होते आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाचवा दादा होता. दाढी छातीपर्यंत वाढली होती, बूट फाटून पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. किती लांबून चालत आला होता, देव जाणे. त्याने उजेडात डोळे बारीक करून मला ओळखलं.

"ताई, दार उघडू का?" चालवणाऱ्याने विचारलं. त्याचा हात कडीवर होता.

कानात वहिनी रडत होती. मागे कुणीतरी घरघरत होतं, आणि प्रत्येक घरघर आधीच्यापेक्षा लांबत होती. वायरमन जमिनीवर बसला होता, चेहरा हातांत घेऊन. मी दादाकडे बघितलं. त्याने हाक मारली नाही, जाळीला हातही लावला नाही. तो माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता आणि ऐकत होता. वहिनीचं रडणं त्याला ऐकू जात होतं.

मी मान हलवली. नाही म्हणून. किती हलली असेल, गव्हाच्या दाण्याएवढी.

त्याने हो म्हणून मान डोलवली, एखाद्याने अवघड काम सांगावं आणि आपण ते घ्यावं तशी. मग हात वर करून पिंजऱ्यातली घंटेची दोरी ओढली. दोन ठोके. दोन ठोके म्हणजे खाली घ्या.

चालवणाऱ्याने दांडा सोडला. पिंजरा खाली गेला. मी दोराकडे बघत राहिले. तो खूप वेळ ताठ होता, मग लवला.

फोनवर वहिनीचं रडणं थांबलं होतं. काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, पलंग करकरला, आणि दादाचा आवाज आला. ठणठणीत, मोकळा, कित्येक आठवड्यांत आला नव्हता असा.

"छोटे," तो म्हणाला, "झालं ना? ये आता घरी."

आणि मी गेले.